गाडीची पत्रिका

नवऱ्याने ती गाडी घरी आणली तेव्हा मी थालीपीठ थापत होते. आवाज ऐकून वाटलं, कचऱ्याचा ट्रक वार चुकून आज आला. पिठाच्या हातांनीच बाहेर गेले, तर ड्राइव्हवेत मोरपंखी रंगाची, लांबच लांब बॉनेटची, दोन दारांची एक गाडी गुरगुरत उभी होती आणि आत हा. मुंजीच्या दिवशी भिक्षावळीला निघालेल्या बटूच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो या छत्तिशीच्या केमिकल इंजिनियरच्या चेहऱ्यावर होता.

या जातीच्या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात. साठच्या दशकात इथल्या कारखान्यांनी मध्यम आकाराच्या साध्यासुध्या गाड्यांमध्ये दांडगी आठ सिलिंडरची इंजिनं कोंबली आणि तरुण पोरांना वेड लावलं. आमचा तरुण पोरगा, म्हणजे हा, त्या वेळी साताऱ्यात सायकलवर टांग मारून कॉलेजला जात होता. मासिकातून कापलेला अशाच एका गाडीचा फोटो त्याने म्हणे खोलीच्या दारामागे चिकटवला होता. भिंतीवर नाही, कारण भिंतीवर गणपती होता. तेव्हापासूनची ही हौस. ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर एक डेंटिस्ट राहायचे. त्यांच्या गॅरेजात ही गाडी बरीच वर्षं पडून होती, आणि शेवटी त्यांच्या बायकोने सांगितलं होतं की इथे एक तर ही राहील नाहीतर माझी गाडी. असंच काही बोलायची माझी तयारी व्हायच्या आत आमच्या घरचा सौदा झालासुद्धा.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पदर खोचून त्या बाहेर आल्या, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या माणसांनी उतरायचं कुठून, असं विचारलं. नवऱ्याने पुढची सीट वाकवून दाखवली. त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. मसल कार म्हणजे काय ते त्याने समजावलं तेव्हा मात्र त्यांना गंमत वाटली. म्हणजे तालमीतली गाडी, असं म्हणून त्यांनी तिचं नाव पैलवान ठेवून टाकलं. येत्या शुक्रवारी पूजा करायची ठरली. मी इंडियन स्टोअरमधून नारळ आणला, चाकाखाली ठेवायला लिंबं आणली.

गुरुवारी नवऱ्याची नोकरी गेली.

त्या वर्षी तेलाचे भाव धाडकन कोसळले होते आणि ह्यूस्टनच्या आसपास आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी घरी बसलेलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातला त्याचा अख्खा मजला रिकामा झाला. तो एका खोक्यात कॉफीचा मग, कॅल्क्युलेटर आणि आमचा एक फोटो घेऊन घरी आला, खोकं फ्रिजवर ठेवलं आणि म्हणाला, "चहा कर." माझी हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी होती, त्यामुळे चूल विझणार नव्हती. पण पूजा राहिली ती राहिलीच. नारळ तसाच पडून होता.

सासूबाईंनी दोन-तीन दिवस जाऊ दिले. मग एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "गाडीचा पायगुण काही बरा दिसत नाही."

मी कढई गॅसवर जरा जास्तच जोरात ठेवली.

आता माझं सांगायला हवं. माझं लग्न झालं आणि सव्वा महिन्यात सासरे गेले. नवरा तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता, मला पाहिलं, लग्न केलं आणि परत अमेरिकेला गेला. इकडून येणाऱ्या मुलांची लग्नं तेव्हा अशीच व्हायची, दुकान बंद व्हायच्या आत चप्पल घेतल्यासारखी. मी व्हिसाची वाट बघत साताऱ्याला सासरी राहिले होते. एका पहाटे सासरे गेले. नवरा धावतपळत आला, दिवस झाले, तो पुन्हा गेला. त्या दिवसांत मी चहाचा ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. मी परत वळले की सुरू व्हायचं. काय बोलत असतील हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते, आणि एकदा तर दाराआडून तो शब्द स्वच्छ ऐकू आला. कोणाच्या तोंडून, ते दिसलं नाही.

सासूबाई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. उलट विमानतळावर निरोप देताना त्यांनी स्वतःची मोहनमाळ माझ्या गळ्यात घातली. पण त्यांच्या मनात काय होतं? त्यांनाही तसंच वाटलं होतं का? सात वर्षांत मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. मी तोंडाची फटकळ. दुकानदाराशी, डॉक्टरांशी, नवऱ्याशी कोणाशीही भांडेन, पण हा एक प्रश्न घशाच्या वर येत नसे. आणि आता त्यांच्याच तोंडून तो शब्द आला. घरात पाऊल पडताच घरचं वाईट झालं म्हणून गाडी दोषी ठरणार असेल, तर मी कुठली सुटते? त्या क्षणापासून मी त्या पैलवानाची वकील झाले. तोपर्यंत मला ती गाडी धड आवडतही नव्हती.

सासूबाईंनी गाडीत बसायला साफ नकार दिला. आमची दुसरी गाडी घेऊन मी सकाळीच कामावर जायचे, त्यामुळे घरी एक बेकार मुलगा, एक धडधाकट गाडी आणि भजनाला जायला तयार बसलेली आई, असा तिघांचा तळ पडायचा. शेवटी कोणी काकू येऊन त्यांना घेऊन जायच्या. नवरा दिवसभर नोकरीसाठी फोन करायचा, उरलेल्या वेळात गॅरेजात जाऊन गाडी पुसायचा. एका रात्री जेवताना तो म्हणाला की आईला नको असेल तर देऊन टाकू परत. डेंटिस्ट घ्यायला तयार होते. फक्त बायकोला काय सांगायचं याचीच त्यांना काळजी होती. हे बोलताना नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. मला त्याची दया आली आणि रागही आला.

मी म्हणाले, "आई, नुसतं पायगुण पायगुण म्हणून कसं चालेल? तिची पत्रिका मांडा. वाईट निघाली तर मी स्वतः तिला डेंटिस्टकडे सोडून येते. चांगली निघाली तर तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं."

सासूबाईंचे वडील भिक्षुकी करत. पंचांग पाहायला, पत्रिका मांडायला त्या त्यांच्याकडून शिकल्या होत्या, आणि अर्ध्या गल्लीच्या मुलांच्या पत्रिका त्यांच्या हातच्या होत्या. त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "जन्मतारीख आणा," त्या म्हणाल्या.

आमची चार वर्षांची लेक म्हणाली, "आजी, कार इज नॉट अ बेबी." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

जन्मतारीख काढणं इतकं अवघड असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. गाडीच्या मालकीच्या कागदावर नुसतं वर्ष होतं, एकोणसत्तर. नवऱ्याने कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की इतक्या जुन्या गाड्यांचं त्यांच्यापाशी काही नाही. इकडे सासूबाई एकोणसत्तर साल आठवत बसल्या. पंचांग जवळ नव्हतं, पण आमच्या पिढीला टेलिफोन नंबर पाठ असतात तसे त्यांना अधिक महिने पाठ होते. त्या वर्षी अधिक आषाढ आला होता, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे अधिक महिन्यात कोणी नवं काही सुरू करत नाही. एवढा एक महिना टळला म्हणजे मिळवली, असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भराभर हिशेब करू लागला. अधिक आषाढ म्हणजे जूनचा उत्तरार्ध आणि जुलैचा पूर्वार्ध. गाडी या काळात जन्मलेली नाही एवढं सिद्ध करायचं होतं.

डेंटिस्टना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले की कारण काहीही असो, पद्धत बरोबर आहे, गाडीचा प्रत्येक मोठा भाग आपली तारीख अंगावर घेऊनच येतो. इंजिनाचं धूड साच्यात ओततात तेव्हा लोखंडातच तारखेची अक्षरं उठवतात. फक्त ती जागा इंजिनाच्या पाठीमागे, सीटच्या बाजूच्या पत्र्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटून असते आणि डोकं आत जात नाही. ते घरी गेले आणि त्यांचा तोंडात घालायचा तो छोटा, लांब दांडीचा आरसा घेऊन आले. बॉनेट उघडून, एका हातात टॉर्च आणि एका हातात आरसा धरून त्यांनी इंजिनाची दाढ तपासावी तशी तपासणी सुरू केली. ऑगस्टचा उकाडा, गॅरेजात घामाच्या धारा. नवरा शेजारी श्वास रोखून उभा. सासूबाई दाराशी स्टुलावर बसून ताक पीत होत्या. डेंटिस्टना तेवढ्यात कोणाच्या तरी दातदुखीसाठी बोलावणं आलं आणि आरसा आमच्याकडे ठेवून ते निघून गेले. पुढचं वाचन नवऱ्याने केलं.

एक अक्षर आणि दोन आकडे होते. इंग्रजी जे, मग आठ, मग पुन्हा आठ.

आम्ही दोघंही शिकलेले. पण त्या वेळी आमच्या डोक्यात अधिक आषाढाशिवाय दुसरं काही नव्हतं. जे म्हणजे जून नाहीतर जुलै, असं नवरा पुटपुटला आणि त्याचा चेहराच उतरला. जानेवारीचंही पहिलं अक्षर जे असतं हे आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही. आठ जून म्हटलं तर थोडक्यात वाचतो, आठ जुलै म्हटलं तर अडकतो. दुसरा आठ कुठल्यातरी तपासनिसाचा नंबर असेल, असं म्हणून त्याने तो सोडून दिला. सासूबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला. त्या आत गेल्या आणि त्यांच्या पाठीवरूनच निकाल कळला.

त्या शनिवारी मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ही बातमी माझ्या आधी पोचलेली होती. नागपूरच्या एका काकांनी ग्रहांची शांत करून घ्यायला सांगितलं. मुंबईच्या काकू म्हणाल्या, यार, आमच्या ब्रँड न्यू गाडीची तर पहिल्याच महिन्यात ट्रान्समिशन गेली, तिची कुठली पत्रिका बघायची? पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले की मुळात एवढी पेट्रोल खाणारी गाडी घेणं हाच योग वाईट आहे. सगळे हसले. मीही हसले. पण सासूबाईंनी मला ज्या डोळ्यांनी पहिल्यांदा उंबरठा ओलांडताना पाहिलं, त्याच डोळ्यांनी त्या आता या गाडीकडे बघत होत्या, असं मला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

सोमवारी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं तपासत असताना तो दुसरा आठ माझ्या डोक्यात पुन्हा आला. आमच्याकडे लेबलावर फुकटचा आकडा नसतो. एक आकडा कशासाठी आहे ते कळलं नाही तर आम्ही नळी पुढे पाठवत नाही. मग लोखंडात अक्षरं उठवणारा माणूस उगीच कशाला एक आठ जास्त उठवेल? संध्याकाळी घरी न जाता मी थेट डेंटिस्टच्या दारात गेले. ते झाडांना पाणी घालत होते. नवऱ्याने वाचलेलं मी सांगितलं तसे ते हसायला लागले. जे म्हणजे जून नाही की जुलै नाही, म्हणाले. महिन्यांना ए पासून ओळीने अक्षरं दिलेली असतात. जानेवारी ए, फेब्रुवारी बी. मी बोटांवर मोजलं. जे दहावं येतं. ऑक्टोबरची आठ तारीख. आणि शेवटचा आठ सालाचा, अडुसष्टचा.

पण गाडी एकोणसत्तरची आहे ना, मी म्हटलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि आम्हाला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. इथे पुढच्या सालाच्या गाड्या आदल्या वर्षीच्या शेवटी शेवटीच बनायला लागतात. एकोणसत्तरची म्हणून विकली गेलेली आमची गाडी एकोणसत्तर साल उजाडायच्या आधीच रस्त्यावर आलेली असणार. आम्ही दोन आठवडे चुकीच्या वर्षात फिरत होतो.

मी घरी जवळजवळ पळतच गेले. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. आपल्याकडे व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्यालाच बदलतं की, म्हणाल्या. त्यांच्या मते अमेरिकेने पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं केलं होतं. अधिक आषाढाचं किटाळ त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकलं. पण इंजिन ओतलं तो दिवस जन्माचा धरायला त्या तयार होईनात. ते तर पोटातलं हाड झालं, असं त्यांचं म्हणणं. सगळे अवयव जोडून, स्वतःच्या चाकांवर उभी राहून ती पहिल्यांदा गुरगुरली, ती वेळ जन्माची. मूल रडतं तेव्हाच आपण वेळ लिहितो. आश्चर्य म्हणजे डेंटिस्टनाही हे तंतोतंत मान्य होतं. इंजिन आधी, काचा आधी, गाडी सगळ्यांत शेवटी, आणि गाडीची म्हणून वेगळी पट्टी असते, असं त्यांनी सांगितलं.

ती पट्टी बॉनेटच्या आत, पुढच्या काचेखालच्या भिंतीवर सापडली. बोटभर रुंद, दोन खिळ्यांनी मारलेली, आणि तिच्यावर जन्मभराचा तेलकट मळ. नवरा केरोसीन आणि जुना टूथब्रश घेऊन भिडला. माझ्या हातात टॉर्च. सासूबाई या वेळी स्टूल गाडीच्या अगदी जवळ घेऊन बसल्या. हळूहळू आकडे वर आले. बरेचसे रंगाचे आणि सीटच्या कापडाचे होते. एका कोपऱ्यात मात्र दहा आणि पुढे डी. दहावा महिना, आणि ए, बी, सी, डी, चौथा आठवडा. अडुसष्टच्या ऑक्टोबरचा चौथा आठवडा. दिवस लिहायची पद्धतच नव्हती. इथून पुढे लोखंड काही बोलणार नव्हतं.

सासूबाईंनी डोळे मिटले. त्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, पहिला दिवाळसण होता. पुढच्या वर्षी अधिक महिना असल्यामुळे ती दिवाळी लवकर आली होती, ऑक्टोबरातच, आणि जावयाच्या सुट्टीचं जमेना म्हणून केवढी धावपळ झाली होती. त्या बोटांची पेरं मोजत गेल्या. सोमवारी लक्ष्मीपूजन, मग पाडवा, मग भाऊबीज. गाडी ऐन दिवाळीत जन्मली होती.

नवऱ्याने टूथब्रश वर फेकला आणि झेलला. पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला, आणखी काय पाहिजे, असं म्हणून तो नाचायचाच बाकी राहिला. पण सासूबाई तशा सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. आठवड्यातला कुठला दिवस ते कोणाला माहीत? सोमवारी जन्मली असेल तर अमावस्या. नवरा म्हणाला, ती तर लक्ष्मीची अमावस्या. पूजेला चांगली, जन्माला नाही, त्या म्हणाल्या. मग सूर्योदयाचा वाद निघाला. तिथी आपल्याकडच्या सूर्योदयाची, पण कारखाना इथला, इथला सूर्य साताऱ्यापेक्षा कितीतरी तास उशिरा उगवतो, तेवढ्यात अमावस्या संपून प्रतिपदा लागत असेल की नाही? एका केमिकल इंजिनियरने आपल्या आईला गॅरेजच्या जमिनीवर खडूने पृथ्वी काढून दाखवली. एरवी हे पाहून मी पोट धरून हसले असते. पण सासूबाई त्या खडूच्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"तारीख काही का असेना," त्या म्हणाल्या, "हिचं पाऊल दारात पडलं आणि त्याच आठवड्यात नोकरी गेली. हे तर डोळ्यांनी पाहिलं ना?"

माझा ताबा सुटला. टॉर्च मी गाडीच्या टपावर ठेवली, ठेवली म्हणजे आपटली.

"मग माझंही डोळ्यांनीच पाहिलं असेल तुम्ही," मी म्हणाले. "माझं पाऊल पडलं आणि सव्वा महिन्यात बाबा गेले. माझी कुठली तारीख काढायची राहिली असेल तर तीही काढा एकदाची."

नवरा म्हणाला, "अगं, काय बोलतेस?" त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्या तेरा दिवसांत तो पुरुषमंडळींत बसलेला होता. मी रडत होते आणि माझ्या रडण्याचा मला संताप येत होता.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. त्या इतक्या दचकलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी पदराने आपला नाही, माझा चेहरा पुसला, पिठाने भरलेल्या मुलाचा पुसावा तसा, घासून.

"तुझी पत्रिका मी बघितलीच नाही," त्या म्हणाल्या. "मागितली होती. ह्यांनी बघू दिली नाही. म्हणाले, तेवढा वेळ नाही."

मला वाटलं त्या नवऱ्याच्या रजेबद्दल बोलताहेत. तसं मी म्हणालेसुद्धा.

"रजा नाही गं." त्या स्टुलावर बसल्या. "डॉक्टरांनी ह्यांना आधीच सांगितलं होतं. काही महिने आहेत, म्हणाले. हे आम्ही दोघांनी कोणाला कळू दिलं नाही. याला कळलं असतं तर नोकरी सोडून आला असता. हे म्हणाले, त्याला बोलाव, पण लग्नासाठी बोलाव, मला सून बघायची आहे. तू आलीस म्हणून हे गेले नाहीत. हे जाणार होते, म्हणून तू आलीस."

 नवऱ्याच्या हातात तो तेलकट टूथब्रश तसाच होता. त्याने एवढंच विचारलं, "बाबांना माहीत होतं? माझ्या लग्नात?" सासूबाईंनी होकारार्थी मान डोलावली. तो गाडीच्या पुढच्या बंपरवर बसला. ज्या गाडीला कोणाचं बोट लागलेलं त्याला खपत नसे, तिच्या बंपरवर केरोसीनने माखलेल्या कपड्यांनी बसला.

मला हलकं वाटलं असेल असं कोणाला वाटेल. तसं पटकन काही झालं नाही. आधी मला सासऱ्यांचा चेहरा आठवायला लागला. लग्नात ते सगळ्यात जास्त हसत होते, पंगतीत आग्रह करत फिरत होते, आणि मी मनात म्हटलं होतं, किती उत्साही म्हातारा आहे. बायका कुजबुजत होत्या ते सासूबाईंनाही ऐकू आलं होतं. एकदा त्या बोलायला उठल्याही होत्या, त्या म्हणाल्या, पण खरं सांगितलं असतं तर मुलाला कळलं असतं, आणि ह्यांनी मरताना वचन घेतलं होतं. ते वचन आज माझ्यामुळे मोडलं. मी तसं बोलले तर म्हणाल्या, मोडायलाच हवं होतं, सात वर्षं तू हे पोटात घेऊन फिरतेस हे मला आज कळतंय.

मग त्या उठल्या, गाडीचं दार धरून ओढलं. ते दार जड होतं आणि त्यांना ते उघडायची सवय नव्हती. मी पुढे होऊन उघडून दिलं. त्या पुढच्या सीटवर बसल्या, नऊवारीचे घोळ आत घेतले आणि म्हणाल्या, "ही नोकरीची कुऱ्हाडसुद्धा गाडी यायच्या आधीच ठरलेली असेल की रे." नवरा बंपरवरून म्हणाला की ऑफिसात मार्चपासून बोलणं चाललं होतं. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "उगीच एका मुक्या लोखंडाला बोल लावत बसले. चालव गं तू. त्याच्या डोळ्यांना दिसायचं नाही आत्ता काही."

मी ती गाडी तोपर्यंत कधी चालवली नव्हती. क्लच इतका कडक होता की मला सीटच्या टोकाशी सरकून बसावं लागलं. नवरा मागच्या फळीएवढ्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसला, शेजारी लेक. रस्त्यावर डेंटिस्ट उभे होते, त्यांनी सासूबाईंना पुढे बसलेलं पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. त्या इंजिनाच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं.

सिग्नलपाशी थांबलो तेव्हा मागून नवऱ्याने ओरडून विचारलं, "आई, बाबा काय म्हणाले होते हिला बघून?"

सासूबाई समोरच्या लाल दिव्याकडे बघत होत्या. "म्हणाले, पोरगी तोंडाळ आहे. बरं झालं. आपल्या घरात कोणी काही बोलतच नाही."

सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच होते. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सासऱ्यांनी माझ्याबद्दल जे ओळखलं होतं, नेमकं तेच मी त्यांच्या घरात सात वर्षं केलं नव्हतं. मी गाडी पुढे काढली आणि त्या संध्याकाळी घरी परत येईपर्यंत आम्ही तिघं त्यांच्याबद्दल बोलत राहिलो, ओरडून ओरडून, आणि लेक मध्येच विचारत होती की हे आजोबा कोण.